पिठीत काय आहे?

घोडपदेव, मुंबई
१२ जानेवारी १९९९

नूतन,

आशीर्वाद आहेतच, ते आईसकट सगळ्यांनी वाटून घ्या. आता कामाचं बोलते.

सदू काल माझ्या खानावळीत जेवायला आला होता. आपल्या तालुक्यातली निम्मी पोरं माझ्या हातचं जेवतात, त्यामुळे कुडपणला कुणी शिंकलं तरी मला इथे कळतं. पण सदूनं जे सांगितलं ते शिंकण्याएवढं नाही. म्हणाला, ‘‘माधुरीताय, किरण घरात जेवत नाय. म्हशीखाली बसतो, धार काढतो नि तसंच पितो. कोन बोलावंल त्याच्या पडवीत भाकरी खातो. सांगतो, घरच्या अन्नात काय तरी घालत्यात.’’ सगळ्या पंगतीचे हात ताटात थांबले. मी वाढत होते, मला कढईत तोंड लपवायची वेळ आली.

गेल्या वर्षी माझगावच्या वर्कशॉपमध्ये असताना तो बिघडला, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मशीन बंद असलं, आसपास कुणी नसलं, तरी कामगार आपल्याबद्दल बोलतायत असं त्याला ऐकू यायचं. मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आजाराचं जे नाव सांगितलं ते मला अजून धड म्हणता येत नाही, पण एवढं कळलं की हा मनाचा आजार आहे, भुताखेताचा नाही. गोळ्या नेमानं घेतल्या आणि घरच्यांनी सांभाळून घेतलं तर माणूस पुन्हा कामाला लागतो. माझ्याकडे तो सुधारला. मे महिन्यात मी माझा भाऊ तुझ्या हवाली केला, गोळ्यांच्या पिशवीसकट.

म्हणून सरळ विचारते. गोळ्या घेतो का? घरात का जेवत नाही? अन्नावर संशय घेणाऱ्याला मी माझ्या पंगतीतून उठवते. पण हा माझा भाऊ, त्यामुळे संशय आला कुठून हे मला विचारावं लागतंय. आणि उत्तर गोड लिहू नकोस. गोड मला डॉक्टरांनी बंद केलंय.

माधुरी


कुडपण, वरची वाडी
२७ जानेवारी १९९९

ताई,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र मिळालं, पण मला मिळायच्या आधी हैबतीकाकांना मिळालं. पोस्टमन त्यांच्या पडवीत टपाल ठेवून जातो. कडेनं उघडलेलं होतं. काका म्हणाले, ‘‘आपोआप सुटलं गो, डिंक काय बरा नसतो.’’ पुढचं पत्र जाड पाकिटात घाला आणि वरून चिकटपट्टी लावा.

सदूला तिखटमीठ लावून सांगायची खोड आहे. हे जेवतात, थोडं कमी जेवतात इतकंच. म्हशीचं दूध पितात, त्यात वाईट काय आहे? गोळ्या पोटात जातात, त्याची काळजी करू नका. महाडला दर महिन्याला मानसोपचाराचे डॉक्टर येतात. खाली उतरून एसटीनं आम्ही दोघं नेमानं जातो. ह्यांनी त्यांनाही अन्नाचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ह्या आजारात माणसाला असा संशय येतो. त्यांनी गोळी वाढवून दिली. तेव्हा संशय कुठून आला ते तुम्हाला कळलंच असेल.

वर्कशॉपमधली माणसं वाडीवरच्या सड्यावर, उघड्या कातळावर येऊन बसलीत, आपलं नाव घेतायत, असं ह्यांना अजून वाटतं. आई नारळ उतरवून टाकतात. हैबतीकाका म्हणतात, कुणीतरी करणी केलीय. काका पडले चुलत सासरे, शिवाय गावकीत त्यांचा शब्द चालतो, मी काय बोलणार? शिमग्याला मुंबईकर आले की देवीला कौल लावून विचारू, असं त्यांनी ठरवलंय.

ताई, एक विचारू का? सदूनं पंगतीत आणखी काय सांगितलं? माझं नाव घेतलं का? कुणाकुणासमोर घेतलं? खरं लिहा.

श्रुतिका बरी आहे. आत्येला पापा सांगते.

नूतन


पोलादपूर
५ फेब्रुवारी १९९९

ताई,

हे पत्र मी स्वतः खाली येऊन पेटीत टाकतोय. वाडीतून टाकलेलं पत्र कुठे जातं ते मला माहीत आहे.

तू मला ओळखतेस. मी लेथवर काम केलेला माणूस. माप घेतल्याशिवाय बोलत नाही. भाकरी नीट लागते. भात नीट लागतो. कुळथाची पिठी कडू लागते. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. कुळीथ असाच लागतो, असं नूतन म्हणते. मी लहानपणापासून पिठी खातोय, कुळीथ कसा लागतो ते मला तिनं शिकवायला नको.

पिठी खाल्ली की जीभ जड होते, हात थरथरतो, कपातला चहा सांडतो. दिवसा मेल्यासारखी झोप येते. एकदा मी माझी वाटी मांजराला दिली. ते चुलीपाशी जे पडलं, ते दुसऱ्या दिवशी उंदीर शेपटीवरून गेला तरी उठलं नाही.

सड्यावरची माणसं मला दिसत नाहीत, ऐकू येतात. त्याबद्दल मी कुणाशी भांडत नाही. तू सांगितलं होतंस, असं ऐकू येणं हा आजार आहे, ते मी लक्षात ठेवलंय. पण कडू लागतं ते कानाला नाही, जिभेला लागतं. हे मी महाडच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नूतनकडे बघितलं. नूतन खाली बघत होती. मग डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. एकदा माणूस वेडा ठरला की त्याच्या घरात खरा चोर शिरला तरी कुणी काठी घेऊन येत नाही.

माझं खरं मानणारे एकटे हैबतीकाका. ते म्हणतात, ‘‘बायकोनं पोटात घातलंय रे तुज्या, तुला मुठीत ठेवाया.’’ मला तसं म्हणायचं नाही. श्रुतिकाची आई आहे ती. पण चुलीपाशी दुसरं कोण असतं? आईला विचारलं तर ती उठून गोठ्यात जाते.

तुझ्या खानावळीत मी इतके महिने जेवलो, एकदाही कडू लागलं नाही. तूच सांग, माझ्या पिठीत काय आहे?

किरण


घोडपदेव
१४ फेब्रुवारी १९९९

नूतन,

किरणचं पत्र आलं. अक्षर बघितलंस का त्याचं हल्ली? ओळ डोंगर उतरल्यासारखी खाली गेलीय. हाच मुलगा वर्कशॉपमध्ये केसाएवढं माप धरायचा.

त्यानं मांजराचं लिहिलंय. मांजर झोपलं म्हणून विष ठरत असेल तर आमच्या चाळीतली सगळी मांजरं केव्हाच मेली असती, असं म्हणून मी आधी हसले. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. गोळ्या पोटात जातात, असं लिहिलंयस. तो घेतो, असं कुठेही लिहिलेलं नाही. चुलीसमोर जन्म गेलाय माझा. कढईत काय पडलं आणि काय लपवलं ते मला वासावरून कळतं.

तू काय घालतेस त्याला? उमरठला तुझ्या माहेरी कुणी भगत गाठलास का? कुणाचा अंगारा, कुणाची मुळी आणलीस? की घरात शांतता हवी म्हणून झोपेचं काही देतेस? तुझे हाल होत असतील, नाही म्हणत नाही. आजारी नवरा, वर म्हशी, वर आमची आई. पण तुला तो झोपलेलाच बरा वाटतो का, एवढं मला सांग.

तू विचारलंस सदूनं तुझं नाव घेतलं का. घेतलं. सगळ्यांसमोर घेतलं. मी त्याच्या ताटात आमटी जरा जोरात ओतली. इथे आपल्या गावाच्या मंडळात पोरं म्हणतायत, शिमग्याला कौल झाला की तिला उमरठला पोचवायची, पोर इथेच ठेवायची.

मी येऊन समोरासमोर विचारलं असतं. पण माझ्या सार्थकची दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, मला हलता येत नाही. पाकिटाला दोन पट्ट्या लावल्यात. उलट टपाली खरं काय ते लिही.

माधुरी


कुडपण
२२ फेब्रुवारी १९९९

ताई,

तुमचं पत्र गोठ्यात बसून वाचलं. रडू आलं, मग रागही आला. आता लिहिते.

भगत नाही, मुळी नाही, अंगारा नाही. त्यांच्याच गोळ्या घालते. डॉक्टरांच्या.

तुमच्याकडून आले तेव्हा हे गोळ्या घ्यायचे. नवरात्राच्या आधी म्हणायला लागले, मी बरा झालो, आता कशाला? तोंडात धरून बाहेर थुंकायचे. मग एक दिवस घरातून गेले ते सापडेनात. सगळी वाडी शोधायला निघाली. कड्याच्या टोकाशी बसून कुणाशी तरी भांडत होते, पाय खाली सोडलेले. आई त्या दिवसापासून कड्याकडे तोंड करून बसत नाहीत. त्याच म्हणाल्या, ‘‘लेकराला औशिद देताना आपुन इचारतो काय गो? गुळातनं देतोच ना?’’ दसऱ्यापासून आम्ही सुरू केलं. गोळी कुटून पिठीत घालायची. कुळथाचा वास उग्र, कडूपणा लपेल असं वाटलं. लपला नाही.

ह्यांनी डॉक्टरांना अन्नाचं सांगितलं तेव्हा मी गप्प बसले. ह्यांच्यासमोर कसं सांगणार? डॉक्टर समजले की संशय वाढलाय, त्यांनी गोळी वाढवली. मी घरी येऊन वाढीव गोळी पिठीत घातली. मग पिठी आणखी कडू झाली, ह्यांची झोप वाढली, संशय वाढला. मला हे सगळं समोर दिसत होतं, पण थांबवायचं कसं ते कळत नव्हतं. वाडीत मात्र आता सगळे म्हणतात, किरण खरं बोलतोय, बायको घालते. आणि ते खरंच आहे ना ताई? मी काय तोंडानं खोटं म्हणू?

तुम्ही विचारलंत, झोपलेला बरा वाटतो का. एकदा वाटला. श्रुतिकाच्या शाळेतल्या बाई घरी येणार होत्या. आदल्या खेपेला हे त्यांच्या अंगावर ओरडले होते, तू सड्यावरच्या माणसांना निरोप देतेस म्हणून. त्या दिवशी मी जास्तीची गोळी घातली. बाई आल्या, चहा पिऊन गेल्या, हे उठलेच नाहीत. तोंडातून लाळ गळत होती. मी पदरानं पुसली. तेव्हापासून गोळी कुटायच्या आधी दोनदा मोजते. हे मी आईंनाही सांगितलेलं नाही.

महाडच्या दवाखान्यात डॉक्टरांबरोबर ललिता मॅडम म्हणून असतात. डॉक्टर औषधाचं बघतात, ह्या घरच्यांशी बोलतात. परवा हे आत होते तेव्हा त्यांनी मला बाहेरच्या बाकावर गाठलं. विचारलं, ‘‘गोळी कशी देतेस?’’ मी म्हटलं, देते. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मग मी सांगून टाकलं. शेजारी बिरवाडीची एक बाई बसली होती, ती म्हणाली, ‘‘मी डाळीत देते.’’ पलीकडची म्हणाली, चहातून. मला जरा धीर आला. ललिता मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘गोळी हवीच आहे, पण ती त्याला माहीत असलेली हवी. ऐकू येतं ते आजारातून येतं, हे उद्या आपण त्याला समजावणार. तेव्हा तो म्हणेल, अन्नाचंही तुम्ही असंच सांगितलं होतं. मग तू काय उत्तर देशील?’’

मग त्याच म्हणाल्या, त्याला सांग. डॉक्टरांशी त्या बोलतील, गोळी कमी करतील, थरथर कमी होईल. ऐकू येणाऱ्या आवाजांवरून त्याच्याशी वाद घालू नकोस, नुसती मानही डोलवू नकोस, त्याला भीती कशाची वाटते ते विचार. त्याच्याजोगतं काम त्याच्या हातात दे. बरं होणं एकट्या गोळीचं काम नाही, असं म्हणाल्या. हे सगळं मला पटलं. घरी आले आणि सांगायचं धाडस झालं नाही. सांगितलं तर हे पुन्हा कधी माझ्या हातचं खाणार नाहीत, गोळी घेणार नाहीत, पुन्हा कड्यावर जातील. नाही सांगितलं तर शिमग्याला मला उमरठला पाठवतील आणि श्रुतिकाला ठेवून घेतील.

तुम्ही काकांना लिहा की ते डॉक्टरांचं औषध आहे, करणी नाही. तुमचं ऐकतील. पण ह्यांना आत्ताच काही कळवू नका. एवढं माझ्यासाठी करा.

नूतन


घोडपदेव
२६ फेब्रुवारी १९९९

नूतन,

तुझं पत्र खरं वाटतंय. पण जानेवारीतलंही खरंच वाटलं होतं. तू इतकं छान खोटं लिहितेस की आता खऱ्यालाही मी दोनदा हुंगून बघते. राग मानू नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं आणि वर फोडणी देऊन पचवलं असतं.

काकांना मी लिहिणार नाही. त्यांना सांगितलेलं संध्याकाळपर्यंत किरणच्या कानावर जाईल, आणि बायकोनं त्याला सांगायच्या आधी सगळ्या वाडीला कळलं, हे त्याच्या लक्षात आलं तर संपलंच. मग माझा भाऊ कुणाचंच ऐकणार नाही.

त्याचं पत्र माझ्यासमोर पडलंय. ‘‘तूच सांग, माझ्या पिठीत काय आहे?’’ असं मला विचारलंय त्यानं. काही नाही, असं मी लिहू शकत नाही. काय आहे ते मी लिहिलं तर तुझं घर मोडेल. म्हणून मी गप्प आहे, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही हे तुला ठाऊक आहे. पाडव्यापर्यंत तू त्याला सांग. नाही सांगितलंस तर मी लिहीन.

इथे तो माझ्यासमोर बसून गोळी घ्यायचा. मी माझी बीपीची घ्यायचे, तो त्याची. मला म्हणायचा, आधी तू गिळ. मला त्यात गंमत वाटायची.

माधुरी


कुडपण
६ मार्च १९९९

ताई,

तुमचं पत्र आज मिळालं. पट्ट्या शाबूत होत्या. पण तोवर सगळं होऊन गेलं होतं.

होळीच्या दुसऱ्या दिवशी पालखी निघायच्या आधी गावकी देवळात बसली. मुंबईकर आले होते. सदू पुढेच होता. महिपती गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हैबतीकाकांनी गाऱ्हाणं घातलं, ‘‘आये, तुज्या लेकराच्या पोटात घरातनं काय जातंय काय, त्याचा निवाडा कर.’’

उजवी कळी पडली.

आईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. मी मनात म्हटलं, देवी तरी खोटं कशाला बोलेल? काका माझ्याकडे वळले. ‘‘गो नूतन, आता तरी बोल. देवीनं सांगितलंय.’’

नाही म्हणायचं, असं ठरवून गेले होते मी. श्रुतिकाची शपथ घेऊनही नाही म्हणणार होते. पण मी ह्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, आपलं खरं ठरलं म्हणून ह्यांना बरं वाटेल. ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता. इतके दिवस हेच सांगत होते, आणि आता ते खरं निघालं म्हणून हेच घाबरले होते. मग मला काकांची भीती वाटेना. मी उठले आणि देवीकडे पाठ करून ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

म्हटलं, ‘‘व्हय. मी घालत होते. दसऱ्यापासनं. तुमचीच गोळी, डाक्टरची. करणी नाय, इख नाय. पन तुमास्नी न सांगता घातली.’’

‘‘पिठीत?’’ हे म्हणाले.

‘‘पिठीत.’’

‘‘आन डाक्टरला मी सांगितलं तवा?’’

‘‘तवा बी मी गप बसले.’’

हे हळूच म्हणाले, ‘‘मंजी मी खरं बोलत होतो.’’

ताई, मला तिथेच फुटून रडू आलं. एवढ्या दिवसांत हे वाक्य ह्यांना कुणी म्हणू दिलं नव्हतं.

काका म्हणाले, ‘‘बघा, आपल्या तोंडानं कबूल झाली. पोचवा हिला उमरठला.’’ सदू उठला. तेव्हा हे म्हणाले, ‘‘काका, तुमी बसा. ती माज्याशी बोलतेय.’’ चार माणसांत असं ठामपणे हे वर्षभरात बोलले नव्हते. काका बसले. मग आईंना कंठ फुटला. ‘‘मीच सांगितलं व्हतं तिला,’’ म्हणाल्या. उशीर केला, पण म्हणाल्या.

गावकीनं ठरवलं, पाडव्याला किरण सांगेल तसं. ठेवायची म्हणाला तर राहील, नाही तर जाईल.

हे देवळातून उठले ते सड्यावर गेले. दिवेलागणीला परत आले, पण घरात नाही, गोठ्यात. तिथेच झोपतात. गोळ्यांची पट्टी मी गोठ्याच्या चौकटीत ठेवली होती, ती उचलून खिशात घातली. घेतात की नाही माहीत नाही. विचारलं नाही. जेवायला बोलावलं तर माझ्या अंगावरून पलीकडे बघतात. ताट ठेवते, तसंच्या तसं म्हशीला जातं. म्हैस मात्र खूष आहे.

मी खरं सांगितलं, ताई. आता ह्यांनी मला घालवलं तर मी जाईन. श्रुतिकाला मात्र तुम्ही बघा.

नूतन


कुडपण
४ एप्रिल १९९९

ताई,

तू मला उत्तर लिहिलं नाहीस. नूतनला लिहिलेलं तिनं मला दाखवलं. म्हणजे काही दिवस तुलाही माहीत होतं. मी भांडत नाही. फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.

पाडव्याच्या आधी मी महाडला गेलो. नूतन त्याच गाडीत होती, पण मी पुढे बसलो आणि ती मागे. डॉक्टरांना म्हटलं, मला गोळी हातात दाखवा. दाखवली. मी जिभेला लावली. तीच चव. डॉक्टर म्हणाले, ‘‘तुम्ही सांगत होतात ते मी आजार समजलो. मी नीट चौकशी करायला हवी होती.’’ मग त्यांनी गोळी कमी केली. ही थरथर आणि झोप गोळीमुळे होती, हे समजावून सांगितलं. आधी कुणी हे मला सांगितलं नव्हतं, नूतनला सांगायचे. ललिता मॅडमनी मला विचारलं, गोळीचं कोण ठरवणार? मी म्हटलं, मी. त्या म्हणाल्या, ठीक, पण थांबवायची झाली तर थांबवायच्या आधी बोलायचं. मी कबूल केलं. तरी मध्ये काही दिवस गोळी घेतली नाही. सड्यावरची माणसं इतकी बोलायला लागली की म्हशी सोडता येईनात. मी नूतनला गोठ्याच्या दारातून सांगितलं, मी गोळी चुकवलीय. ती ओरडली नाही. पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

पाडव्याला हैबतीकाकांनी विचारलं, ‘‘काय रे, बायकोचं काय करायचं?’’ मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, ‘‘इतकं करून?’’ मी म्हटलं, चार जणांत उठून मला खरं सांगणारी ती एकटीच निघाली. काकांना ते आवडलं नाही. देवीचा कौल फुकट गेला, म्हणाले. मी म्हटलं, कौल बरोबरच होता, तुम्ही प्रश्न अर्धा विचारलात. आता ते मला पत्रं आणून देत नाहीत. सदूही रस्ता बदलतो. बदलू दे.

पण राहू दे म्हणणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. मला अजून ऐकू येतं, थोडं कमी, पण येतं. आधी मी ठरवलं होतं की मला वाटतं ते सगळं आजारातलं. मग पिठीचं खरं निघालं. आता बाकीच्यातलं काय खरं आणि काय नाही, हे मी एकटा कसं ओळखू? ही अडचण मी महाडला सांगितली. ललिता मॅडम म्हणाल्या, घरात एका माणसाला विचारायचं आणि त्यानं मनात येईल ते नाही, असेल तेच सांगायचं. नूतन म्हणाली, मला विचारा. मी म्हटलं, बघू.

तेव्हापासून विचारतो. सड्यावर कुणी आहे का, असं विचारलं. पूर्वी ती चुलीपाशी बसूनच नाही म्हणायची. आता उठली, सड्यापर्यंत गेली, सगळीकडे बघून परत आली आणि मग नाही म्हणाली. श्रुतिकाला शाळेत माझ्यावरून चिडवतात का, विचारलं. म्हणाली, हो, चिडवतात. आई कड्याकडे पाठ करून का बसते, विचारलं. तेही सांगितलं. सगळी उत्तरं बरी नव्हती. पण मी पडताळून बघितलं, एकही खोटं निघालं नाही. तरी मी जेवण शेजारच्या पडवीतच घेत होतो.

काल दुपारी ती भाकऱ्या करत होती. मी दारात उभा राहिलो आणि विचारलं, तू मला भितेस का?

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. ती नाही म्हणेल असं मला वाटलं. कोणतीही बायको नाही म्हणाली असती. ती म्हणाली, ‘‘व्हय. कदी कदी भिते.’’

मी आत गेलो. पाट घेतला, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, वाढ.

किरण